कंप रोगाचा की औषधाचा?

सोलापूरच्या एका विडी कामगार भगिनीची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही. चाळीस वर्षे तिने सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या. हजार विड्यांवर मजुरी, आणि सैल वळलेली विडी कारखान्याचा माणूस तपासणीत बाजूला काढणार व तिचे पैसे कापणार, हा त्या धंद्याचा शिरस्ता. साठीच्या उंबरठ्यावर तिचे दोन्ही हात थरथरू लागले. चाल मंदावली, चेहऱ्यावरचे भाव हरपले. शहरातील एका डॉक्टरने पाच मिनिटांत 'कंपवात' असे निदान केले आणि लेवोडोपाची गोळी जन्मभरासाठी लिहून दिली. त्या गोळीने मळमळ सुरू झाली. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड आले. थरथर वाढली. तेव्हा लेवोडोपाची मात्रा वाढवण्यात आली.

चौदा महिन्यांनी आमच्या आरोग्य शिबिरात एका तरुण डॉक्टरने तिला एवढेच सांगितले : "मावशी, घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून उद्या घेऊन या." पिशवीतून निघाली ती गॅसवरची कॅप्सूल; रोज सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची, कोणीतरी केव्हातरी लिहून दिलेली आणि नंतर दुकानातून आपोआप मिळत राहिलेली. कंप सुरू होण्याच्या आठ महिने आधीपासून ती चालू होती. त्या कॅप्सूलमध्ये आम्लपित्तावरच्या रॅबेप्राझोलबरोबर ७५ मिलिग्रॅम लेवोसल्पिराइड होते. हे लेवोसल्पिराइड म्हणजे काय? ज्या सल्पिराइडचा उपयोग मनोविकारांत केला जातो त्याचेच हे भावंड. मेंदूतील डोपामिन या रासायनिक दूताचे दार ते अडवते. अडवलेल्या दारापाशी कंपवाताची सारी लक्षणे उभी राहतात. फरक एवढाच की खऱ्या कंपवातात डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशीच मरतात आणि येथे त्या जिवंत असतात. एका रोगात घर जळते, दुसऱ्यात घराला कुलूप लागते. कुलूप लावणारा कोण हे पाहण्याची तसदी चौदा महिने कोणी घेतली नाही.

कोणी म्हणेल, एका म्हातारीच्या हातांचा प्रश्न राजकीय पक्षाच्या साप्ताहिकात कशासाठी? याचे उत्तर साधे आहे. ज्याचे पोट हातावर आहे त्याचा हात हेच त्याचे भांडवल. कारकुनाची सही वाकडी झाली तर बँक ती परत पाठवते. विडीवाल्या बाईची, शिंप्याची, इचलकरंजीच्या मागावर सूत जोडणाऱ्याची बोटे थरथरली तर त्या दिवशीची चूल पेटत नाही. आणि ती थरथर त्याच्या शरीराने निर्माण केलेली नसून बाजाराने त्याच्या पोटात घातलेली असेल, तर तिला रोग म्हणायचे की अन्याय, याचा विचार समाजवाद्यांनी करायचा नाही तर कोणी करायचा?

औषधाने कंप होतो ही काही काल-परवा उमगलेली गोष्ट नव्हे. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली आपल्या सर्पगंधेच्या मुळीचे रक्तदाबावरील परिणाम ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि त्या मुळीने जगाचे दवाखाने काबीज केले. तिच्यातील रेसर्पिनमुळे कित्येक रुग्णांत हुबेहूब कंपवात दिसू लागला. मनोविकारांवरील क्लोरप्रोमाझिन १९५२ साली आले. त्याच्याही मागोमाग तीच थरथर आली. १९५७ साली स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना डोपा टोचून पुन्हा हिंडते-फिरते केले, आणि डोपामिनचे महत्त्व जगाला कळले ते त्यातूनच. म्हणजे औषधजन्य कंपाच्या अभ्यासातून कंपवाताचे शास्त्र घडले आहे! सत्तर वर्षांच्या या ज्ञानानंतर "आम्हांला कल्पना नव्हती" असे म्हणण्याचा अधिकार ना कंपनीला आहे, ना डॉक्टरला, ना सरकारला.

यादीही लहान नाही. लेवोसल्पिराइड आणि मेटोक्लोप्रमाइड ही पोटाची औषधे. चक्कर व अर्धशिशीवर सर्रास दिली जाणारी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन. हॅलोपेरिडॉलसारखी मनोविकारांवरची औषधे. ही सारी डोपामिनचे दार अडवणारी. यांच्यापासून होणारा कंप कंपवातासारखा दिसतो. अपस्मारावरचे व्हॅल्प्रोएट, मनोविकारावरचे लिथियम, दम्याचे साल्ब्युटामॉल, नैराश्यावरच्या कित्येक गोळ्या, मूत्रपिंडरोपणानंतरचे टॅक्रोलिमस यांच्यापासून होणारा कंप निराळा. तो हात पुढे धरला की दिसतो. कंपवातसदृश लक्षणांच्या कारणांत खुद्द कंपवाताखालोखाल औषधांचाच क्रमांक लागतो, हे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेले आहे. वृद्ध आणि स्त्रिया यांना धोका अधिक. आपल्याकडे कंपवाताची शहानिशा करणारा मेंदूविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावीही सहजी भेटत नाही; ही कॅप्सूल मात्र तालुक्याच्या प्रत्येक औषधदुकानात मिळत आली आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. हात कोणत्या कारणाने थरथरतो हे ओळखण्याची साधने आहेत काय? आहेत, आणि ती महाग नाहीत. हाताच्या पाठीवर गतीतील बदल मोजणारा एक इवलासा संवेदक बांधायचा. हाच संवेदक आज प्रत्येक स्मार्टफोनच्या पोटात असतो. फोन आडवा केला की पडदा आडवा होतो तो त्याच्यामुळे. रुग्णाला हात मांडीवर सैल ठेवून शंभरपासून उलटे आकडे मोजायला सांगायचे. मग हात पुढे ताणून धरायला लावायचे. मग त्याच हाताला अर्धा किलोचे वजन बांधून पुन्हा तसेच. मग बोट नाकाला लावायला सांगायचे. प्रत्येक वेळी मिनिटभराची नोंद. त्या नोंदीचे फूरियरच्या गणिताने पृथक्करण केले की सेकंदाला किती आवर्तने होतात ते कळते. (हा फूरियर म्हणजे आपल्या परिचयाचा स्वप्नदर्शी समाजवादी शार्ल फूरियर नव्हे, हा गणिती जोसेफ फूरियर.)

कंपवाताचा कंप विश्रांतीत असलेल्या हाताचा, सेकंदाला साधारण ४ ते ६ आवर्तनांचा, आणि बहुधा एका बाजूने सुरू होणारा. हात पुढे धरला की तो क्षणभर लोपतो आणि काही सेकंदांनी परत येतो. डोळ्यांना निसटणारा हा विराम नोंदीत स्पष्ट उमटतो. ज्याला वैद्यकात 'इसेन्शियल ट्रेमर' म्हणतात तो बहुधा कुटुंबात चालत आलेला कंप हात उचलताच सुरू होतो. घोटभर दारूने हा कंप तात्पुरता शमतो, म्हणून कित्येक निर्व्यसनी कामगारांवर मुकादमाने दारुड्याचा शिक्का मारलेला आहे. थरथरणाऱ्या हाताकडे पाहून "रात्रीची उतरली नाही वाटतं" असे म्हणणे ही आपल्या समाजाची आवडती निदानपद्धती! तिसरा प्रकार प्रत्येक निरोगी माणसाच्या हातात असतोच : ८ ते १२ आवर्तनांचा सूक्ष्म कंप. चहा-कॉफी, भीती, वाढलेले थायरॉइड आणि वर सांगितलेली साल्ब्युटामॉलसारखी औषधे त्याला वाढवतात. वजन बांधले की या कंपाची गती मंदावते, कारण तो हाताच्या वजनावर आणि स्नायूंच्या ताणावर अवलंबून असतो. मेंदूतून उगम पावणारा कंप मात्र वजनाला दाद देत नाही. अर्धा किलोच्या वजनाने होणारी ही परीक्षा कोणत्याही आरोग्य केंद्रात करता येईल. कंपाची लय किती स्थिर आहे हे मोजून कंपवात आणि इसेन्शियल ट्रेमर यांत भेद करण्याची रीतही २०१७ साली प्रसिद्ध झाली आहे.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती लपवली तर आम्हीही विक्रेत्यांच्याच पंक्तीत बसू. ही नोंद औषधाचे नाव सांगत नाही. लेवोसल्पिराइडचा कंप आणि कंपवाताचा कंप आलेखावर बरेचदा एकसारखे दिसतात. औषधाचा कंप दोन्ही हातांत सारखा असतो हा नियम आहे, पण त्याला अपवाद पुष्कळ. व्हॅल्प्रोएटचा कंप तर इसेन्शियल ट्रेमरची नक्कलच करतो. म्हणजे एकदा फोन बांधला, आकडा आला, निदान झाले, असे घडत नाही. नोंदीचे खरे सामर्थ्य पुनरावृत्तीत आहे. औषध केव्हा सुरू झाले, मात्रा केव्हा वाढली, कंप केव्हा आला, ही कालरेषा एका बाजूला. औषध थांबवल्यानंतर दर पंधरवड्याने त्याच हाताची त्याच रीतीने घेतलेली नोंद दुसऱ्या बाजूला. औषधाचा कंप काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो आणि तो ओसरताना आकड्यांत दिसतो. काहींचा ओसरत नाही. त्यांच्यात आतून सुरू झालेला खरा कंपवात औषधाने केवळ उघड केलेला असतो, आणि तेही तेव्हाच कळते. डोपामिनच्या पेशी शाबूत आहेत की नाहीत हे दाखवणारे अणुवैद्यकीय स्कॅन आहे. परंतु ते मोठ्या शहरांत, मोठ्या पैशात. रुग्णाने आणि डॉक्टरने थोडा धीर धरला तर बहुतेकांचे निदान एका फोनने, एका वहीने आणि गोळ्यांच्या पिशवीने होऊ शकते. अर्थात औषध थांबवण्याचा निर्णय डॉक्टरनेच घ्यायचा. अपस्माराची किंवा मनोविकाराची गोळी एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. आमच्या कार्यकर्त्यांनी उत्साहाच्या भरात हा उद्योग करू नये.

लिथियमचे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण तेथे दुर्लक्षाची किंमत सर्वांत मोठी आहे. या औषधाची उपकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. मात्रा योग्य असताना बोटांना बारीक कंप येतो. विष चढू लागले की तो भरड आणि ओबडधोबड होतो. उन्हात राबणाऱ्या शेतमजुराच्या अंगातले पाणी आटते, अंगदुखीसाठी तो दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतो, आणि रक्तातले लिथियम वाढते. रक्ततपासणीची सोय जवळ नाही. अशा वेळी महिन्याला एकदा उपकेंद्रात घेतलेली मिनिटभराची नोंद धोक्याची घंटा ठरू शकेल. ही सोय कोणी करत नाही, कारण तीत कोणाला नफा नाही.

नफा कोठे आहे ते पाहा. अमेरिकेत २०१५ साली फोनच्या संवेदकाने कंपवात मोजण्याचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात सामील व्हायला ॲपलचा फोन जवळ असणे आवश्यक होते. अशा नोंदींवर संगणकाला शिकवून आता मनगटी घड्याळे आणि ॲप बाजारात येत आहेत, आणि उद्या तीच आपल्या कॉर्पोरेट रुग्णालयांत "बुद्धिमान यंत्राचे अचूक निदान" म्हणून विकली जातील. आमचा प्रश्न असा : अमेरिकेत लेवोसल्पिराइडला विक्रीची परवानगीच नाही. मग त्या नोंदींत आमच्या सोलापूरच्या भगिनीचा हात कोठून येणार? ज्या यंत्राने गॅसच्या कॅप्सूलने थरथरणारा हात कधी पाहिलाच नाही, ते तिच्या हातावर कंपवाताचाच शिक्का मारणार. पाच मिनिटांत चूक करणाऱ्या डॉक्टरऐवजी पाच सेकंदांत चूक करणारे यंत्र, आणि फी मात्र वेगळी!

उलट टोकाला आपलेच काही साथी आहेत. त्यांचे म्हणणे असे की, आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस नाही तेथे कंप मोजण्याची चैन कसली. हे सारे श्रीमंतांच्या म्हातारपणाचे चोचले. या युक्तिवादातील पोटतिडीक आम्ही समजू शकतो, परंतु त्यातील विचार आम्हांला मान्य नाही. लस नाही म्हणून निदान नको, ही मागणी गरिबांच्या वतीने कोणी केली? श्रीमंताचा हात थरथरला तर तो मुंबईला जाऊन स्कॅन करून येतो. स्वस्त साधन हवे आहे ते गरिबालाच. शिवाय शास्त्र हे भांडवलदाराच्या मालकीचे आहे असे एकदा मान्य केले की त्याच्या हाती ते कायमचे सोपवल्यासारखेच झाले. या साथींना कंपवाताचे पहिले व्यवस्थित वर्णन करणाऱ्या जेम्स पार्किन्सनची आठवण करून द्यावीशी वाटते. हा लंडनचा साधा डॉक्टर 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनावाने राज्यकर्त्यांविरुद्ध पत्रके लिहीत असे. सामान्य कारागिरांना मताधिकार मागणाऱ्या लंडन करस्पाँडिंग सोसायटीचा तो सभासद होता, आणि १७९४ साली राजाच्या हत्येच्या कथित कटाच्या चौकशीत त्याला प्रिव्ही कौन्सिलसमोर उभे राहावे लागले. १८१७ साली त्याने कंपवातावरचा निबंध लिहिला. त्यातील सहा रुग्णांपैकी काहींना तर त्याने रस्त्यावरच पाहिले होते. थरथरणाऱ्या माणसाकडे थांबून पाहावे, त्याला नाव-गाव विचारावे, ही दृष्टी आणि मताधिकाराची मागणी एकाच माणसात होती.

तथापि मूळ दोष यंत्राचा नाही आणि बहुतेक वेळा एकट्या डॉक्टरचाही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली मेटोक्लोप्रमाइडवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. युरोपच्या औषध संस्थेने २०१३ साली ते पाच दिवसांपेक्षा अधिक देऊ नये असे सांगितले. त्याच्याही बऱ्याच आधी, १९९५ साली, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेच्या नोंदी तपासल्या असता असे आढळले की, मेटोक्लोप्रमाइड घेणाऱ्या वृद्धांवर पुढे लेवोडोपा सुरू होण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या तिप्पट होते. म्हणजे एका गोळीने रोगाचे सोंग उभे केले आणि दुसऱ्या गोळीने त्या सोंगाची पूजा बांधली. दोन्ही गोळ्यांचे पैसे मात्र रुग्णाच्याच खिशातून! आमच्या देशात तर अशी दोन-दोन, तीन-तीन औषधे एकाच कॅप्सूलमध्ये कोंबून विकण्याची परंपराच पडली आहे. एकेकट्या औषधाची किंमत सरकार ठरवील म्हणून मिश्रण करायचे, आणि मिश्रणाला नवे नाव देऊन नवी किंमत लावायची. २०१६ साली सरकारने अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. २०१८ साली ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. २०२४ साली आणखी १५६ मिश्रणांवर. चर्चा, समिती, स्थगिती आणि पुन्हा समिती या चक्रात मधली वर्षे विकणाऱ्याची. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ साली ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली होती आणि औषधे व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी विकावीत अशी दिशा दाखवली होती. पन्नास वर्षे झाली. आजही आमच्या भगिनीच्या कॅप्सूलवर व्यापारी नाव ठळक अक्षरांत आणि लेवोसल्पिराइड हा शब्द, तोही इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरांत आहे. 'याने हात थरथरू शकतात' हे चार शब्द मराठीत छापायला किती शाई लागते?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. डोपामिन अडवणारे औषध पोटाच्या, चक्करेच्या वा अर्धशिशीच्या तक्रारीवर दिले तर त्याची मुदत चिठ्ठीवर लिहिणे बंधनकारक करा, आणि मुदत संपल्यावर नवी चिठ्ठी असल्यावाचून दुकानदाराने ते देता कामा नये. वेष्टनावर स्थानिक भाषेत इशारा छापा. कंपवाताची गोळी सुरू करण्यापूर्वी मागील वर्षभरातील सर्व औषधांची नोंद घेणे सरकारी दवाखान्यात सक्तीचे करा. मैदानी भागात ३० हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा सरकारचाच निकष आहे. त्या प्रत्येक केंद्रात कंपाची नोंद घेण्याची सोय करा आणि सरकारच्याच ई-संजीवनी सेवेतून ती वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञाकडे पाठवा. नोंदी वाचणारी संगणकप्रणाली सार्वजनिक पैशातून तयार व्हावी, ती आमच्या रुग्णांच्या हातांवर पारखली जावी आणि तिची मालकी जनतेची राहावी. रुग्णाच्या हाताची नोंद ही त्याची आहे. त्याच्या लेखी संमतीवाचून ती कोणा कंपनीच्या कोठारात जाता कामा नये.

सरकार हलेपर्यंत शाखांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला आणि २०११ पासून तो गाझियाबादहून चालतो. त्याचा निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ हा आहे आणि तक्रार करायला डॉक्टर असण्याची गरज नाही, रुग्ण स्वतः ती करू शकतो. प्रत्येक आरोग्य शिबिरात गोळ्यांची पिशवी मागवा. थरथरणारा हात दिसला तर कालरेषा कागदावर मांडा आणि जवळच्या सरकारी डॉक्टरपुढे ती घेऊन जा. औषध विक्रेत्या प्रतिनिधींच्या संघटनेत आपले अनेक साथी आहेत. डॉक्टरांना मिळणाऱ्या भेटींविरुद्ध त्यांच्याच देशव्यापी संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. कोणती कॅप्सूल कोणत्या आमिषाने खपवली जाते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांनी या पानावर लिहावे.

सोलापूरच्या भगिनीची कॅप्सूल शिबिरातल्या डॉक्टरने थांबवली, मेटोक्लोप्रमाइड थांबवले, आणि लेवोडोपा हळूहळू कमी करत आणले. तिच्या हातांच्या नोंदी दर पंधरा दिवसांनी त्याच फोनवर घेतल्या. चौथ्या महिन्यात पाचाच्या आकड्याशी उभे असलेले ते टोक आलेखावर जवळजवळ सपाट झाले. आता ती विड्या वळते, पूर्वीइतक्या नव्हे. चौदा महिन्यांत बुडालेली मजुरी, कापले गेलेले पैसे आणि औषधांवर झालेला खर्च तिच्या नातीने शाळेच्या वहीत तारीखवार मांडून ठेवला आहे. तो हिशेब कोणाकडे सादर करायचा, असे तिने आमच्या शाखेच्या चिटणीसांना विचारले आहे.